माडीवरचा कॉम्प्युटर : प्रकल्प नोंदी

६ एप्रिल २०२५, रविवार

काकांनी सोलापूरच्या साखर पेठेतलं दुकान अखेर सोडलं. डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर पत्रिका-कार्डांचा मजकूर मांडायचं, काम कधीच आटलं होतं, राहिलं होतं ते झेरॉक्स आणि लॅमिनेशन. आज रविवार, त्यात रामनवमी. रिक्षातून दोन खोकी आणि एक काळं कॅबिनेट घेऊन आले, सोप्यातच टेकवलं आणि म्हणाले, "तुला असल्या वस्तूंची हौस. बघ काय होतंय का. नाहीतर भंगारवाला किलोवर नेतोच की."

झाकण उघडून पाहिलं. कोअर टू ड्युओ ई-७५००, २.९३ गिगाहर्ट्‌झ. जी-३१ चिपसेटचा बोर्ड, २ जीबी डीडीआर-टू रॅम, ८० जीबीची सॅटा हार्ड डिस्क, त्यात विंडोज एक्सपी. हा प्रोसेसर इंटेलने २००९ साली आणला, म्हणजे गडी सोळा वर्षांचा. मागे प्रिंटरचा तो लांबडा पंचवीस भोकांचा पोर्ट आहे आणि त्यात काड्यापेटीएवढं लॉक स्क्रूने आवळून बसवलेलं. डीटीपीवाल्यांना 'लॉक' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. ते नसलं की मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर उघडतच नाही, आणि हरवलं तर नवं घ्यायचे पैसे.

बेत असा : माडीवर हा चोवीस तास चालू ठेवायचा. घरातले फोटो, कागदपत्रं, लेकीच्या अभ्यासाचे व्हिडिओ सगळं त्याच्यात. कुणीही कुठल्याही मोबाइलवरून उघडावं. सर्व्हर म्हणायला जरा लाज वाटते, पण काम तेच. महिनाभर धरलाय.

९ एप्रिल, बुधवार

काकांच्या दुकानाच्या मागच्या बाजूला यंत्रमागाचा कारखाना. सोळा वर्षं तिथली हवा या पंख्याने ओढलीय. पंखा काढला तर प्रोसेसरची उष्णता ओढणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांवर कापसाच्या तुसाचा करडा थर निघाला. अखंड, चिमटीत धरून उचलता येईल असा. बायकोने लांबूनच पाहिलं आणि म्हणाली, "सोलापुरी चादर आतून पण विणलीय की."

ब्रश आणि ब्लोअर. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं. मोकळा सोडला की तो भिंगरीसारखा फिरतो, बेअरिंग जातं, शिवाय उलटी वीज बोर्डात जायची भीती. हे मी एकदा ऑफिसात पंखा घालवून शिकलो आहे.

प्रोसेसरवरची पेस्ट वाळून चुन्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती. स्पिरिटने पुसली, नवी लावली. वाटाण्याएवढी लावा म्हणतात, मी हरभऱ्याच्या डाळीएवढी लावली. खरा वैताग नंतरचा. या जातीच्या बोर्डांवर हीटसिंक बसवायला चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात, दाबल्या की 'टक्' व्हायला हवं. तीन झाल्या. चौथी झाल्यासारखी वाटली. चालू केला तर पाच मिनिटांत तापून बंद. बोर्ड बाहेर काढून पाठीमागून पाहिलं तेव्हा कळलं की चौथीची दुभंगलेली टोकं भोकात अर्धीच उतरली होती. त्या खुंट्या ज्याने शोधून काढल्या त्याला एकदा आमच्या माडीवर एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली बसवून त्या लावायला सांगायला हव्यात.

कपॅसिटरांची डोकी सपाट आहेत, एकही फुगलेला नाही. त्या दशकातल्या बोर्डांसाठी ही नशिबाची गोष्ट.

१० एप्रिल

एसएमपीएसचा, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याचा, पंखा फिरत नाही. अशोक चौकाकडे अण्णांकडे टाकला. अण्णा तेलुगूत स्वतःशी बोलत आणि माझ्याशी मराठीत बोलत काम करतात. पंखा बदलला, आतला तूस काढला. "मालक, नवीन घेऊ नका, हा जड आहे बघा. नवीन स्वस्तातले उचलले की कळतं, आत काहीच नाही." एसएमपीएस वजनावर पारखायची ही रीत काही अगदी शास्त्रीय नाही, पण स्वस्त डब्यांत ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंक खरोखर किरकोळ असतात. मला पटलं.

१३ एप्रिल, रविवार

जुनी ८० जीबीची डिस्क काढली, वर्तमानपत्रात गुंडाळली, वर मार्करने 'काका. हात लावू नये' लिहिलं आणि कपाटात ठेवली. जुन्या कॉम्प्युटरला हात घालायच्या आधी हे एवढं तरी करावंच. नंतर काय वाट्टेल ते बिघडवा, परतीची वाट राहते.

जागी २४० जीबीचा एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) टाकला आणि नव्या पेठेतून २ जीबी रॅमची एक जुनी काडी आणली, ₹३५० ला. आता ४ जीबी. हा चिपसेट त्याच्या पुढे जातच नाही. एसएसडीच्या खोक्यावर सेकंदाला साडेपाचशे एमबी लिहिलंय, पण बोर्डाचं सॅटा जुनं, तीन गिगाबिटचं. अडीचशेच्या आसपास येऊन थांबतं. तरी फरक असा की आधी चालू व्हायला लागायच्या वेळात चहा व्हायचा, आता पाणी गरमसुद्धा होत नाही. जुन्या यंत्रावर पैसे खर्चायचेच असतील तर पहिले इथे. रॅम नंतर, बाकी काहीच नको.

विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकली, तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती. पहिल्याच फटक्याला नेट चालेना. एकही साइट उघडेना, प्रत्येक ठिकाणी 'कनेक्शन सुरक्षित नाही'. अर्धा तास वायफायच्या डोंगलला शिव्या दिल्या. मग कोपऱ्यातलं घड्याळ दिसलं : १ जानेवारी २००९. बोर्डावरचा बटणसेल संपला होता. घड्याळ सोळा वर्षं मागे असलं तर साइटची ओळख पटवणारी आजची सगळी सर्टिफिकेटं त्याच्या लेखी अजून जन्मलेलीच नाहीत, मग ते कुणावर विश्वास ठेवणार. सीआर-२०३२ सेल, औषधाच्या दुकानातसुद्धा मिळतो. साखर मोजायच्या यंत्रात तोच जातो.

१४ एप्रिल, सोमवार

सुट्टी, पण सुताच्या पेढीवर मालकांनी बोलावलं होतं, तिथल्या कॉम्प्युटरबद्दल सल्ला द्यायला. मी तिथला हिशेबनीस, पण कॉम्प्युटरचा वैद्यही मीच. तिथे सातव्या पिढीचा आय-फाइव्ह आहे, ८ जीबी रॅम, टॅली पळतं, कुणाची तक्रार नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपतोय आणि ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे. म्हणजे एका पिढीने हुकला. मालक म्हणाले, "खराब झालाय का?" म्हटलं, नाही. "मग का बदलायचा?" याचं उत्तर मला सरळ देता येईना. बँकेचं काम त्याच्यावर चालतं, त्यामुळे सुरक्षेचे अपडेट बंद झालेलं यंत्र ठेवा असं मी सांगणार नाही. पण चालतं यंत्र केवळ तारखेमुळे म्हातारं ठरवायचं, हे काही चांगलं लक्षण नव्हे. बैल चांगला असताना पंचांग बघून बाजारात नेल्यासारखं.

माझ्या कोअर टू ड्युओचा तर प्रश्नच मिटलाय. विंडोज ११ च्या २४एच२ पासून प्रोसेसरला 'पॉपकाउंट' नावाची एक सूचना यावीच लागते, ती याला येत नाही. पळवाटाही संपल्या.

२० एप्रिल, रविवार

आता नेट. आमचं घर उत्तर कसब्यात, जुनं. भिंती दगडाच्या, पांढऱ्या मातीत बांधलेल्या, खालच्या मजल्यावर दोन दोन फूट जाड. उन्हाळ्यात याच भिंतींचे उपकार मानतो आणि वायफायच्या वेळी यांनाच बोल लावतो. फायबर सोप्यात येतो. मोबाइल घेऊन घरभर फिरलो. प्लॅन शंभर एमबीपीएसचा (सेकंदाला शंभर मेगाबिट) :

सोप्यात ५ गिगाहर्ट्‌झवर ९४. माजघरात ५ चं नावच दिसत नाही, २.४ वर २२. आईच्या खोलीत ९, मध्येच ०. माडीवर ३.

लहरी जितक्या आखूड तितक्या भिंतीत लवकर मरतात. २.४ ची लहर साडेबारा सेंटिमीटरची, ५ ची साधारण सहाची. म्हणून ५ वाला वेगवान, पण उंबऱ्यापलीकडे जात नाही. २.४ उंबरा ओलांडतो, पण तिथे गल्लीतल्या सगळ्यांची गर्दी. ॲपमध्ये मोजले, २३ वायफाय. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. आमचं आपोआप ९ वर जाऊन बसलं होतं, म्हणजे ६ वाल्यांचाही त्रास आणि ११ वाल्यांचाही. हाताने १ केलं. आईच्या खोलीत ९ चे १४ झाले. फुकटात एवढंच मिळायचं.

नेटवाल्याला फोन केला. "मालक, मोबाइलला कांड्या येतात ना? मग झालं की. एक्स्टेंडर लावा." एक्स्टेंडर या वस्तूवर माझा राग आहे. स्वस्तातला एक्स्टेंडर एका कानाने ऐकतो आणि त्याच तोंडाने परत सांगतो, त्यामुळे निम्मा वेळ ऐकण्यात जातो आणि वेग निम्मा होतो. शिवाय जिथे मुळात नीट ऐकूच येत नाही तिथे त्याला बसवतात. मोबाइलवर कांड्या पूर्ण दिसतात, गाडी जागची हलत नाही.

घरात जी वस्तू जागची हलत नाही तिला वायर द्यावी, असं माझं मत होत चाललंय. टीव्ही, कॉम्प्युटर, प्रिंटर. वायफाय हातात घेऊन फिरायच्या वस्तूंना राहू दे.

२३ एप्रिल

नळाला पाणी आलं, पाच दिवसांनी, पहाटे. काम नाही.

२७ एप्रिल, रविवार

वायर. दुकानदाराने काउंटरवर ठेवली, ₹१० मीटर, वर 'कॅट-६' छापलेलं. हातात घेतली तर हलकी लागली. ब्लेड मागितलं, एका तारेचं टोक खरवडलं. वरून तांबूस, आतून पांढरी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. दुकानदार म्हणाला, "सगळे हीच नेतात." नेत असतील. ही वायर दोनदा वाकवली की तुटते, लांब पल्ल्यावर रडते, आणि वीजही तिच्यातूनच न्यायची असेल, कॅमेऱ्याला देतात तशी, तर तापते. आतून तांब्याची मागितली. कॅट-५ई, ₹१८ मीटर. वीस मीटर घेतली. कॅट-६ चा हट्ट केला नाही. शंभर मीटरपर्यंत गिगाबिट न्यायला ५ई पुरते, आणि आमच्या घरात शंभर मीटर चालायचं म्हटलं तर शेजारच्या गल्लीत निघू.

मार्ग आधीच तयार होता. जुन्या केबल टीव्हीची काळी वायर सोप्यातून माजघर, तिथून आईच्या खोलीच्या वरून माडीवर जाते. त्या वायरचं टोक नव्या वायरला चिकटपट्टीने बांधलं, लेकीला खाली उभं केलं, वर मी. ती ढकलणार, मी ओढणार. माजघराच्या भिंतीत अडकली. दगडाच्या फटीत माती सरकली असणार. पंधरा मिनिटं ओढाताण, मग एकदम सुटली आणि माझ्या तोंडावर मूठभर पांढरी माती. आई खालून, "घर पाडू नकोस रे एवढ्यासाठी."

१ मे, गुरुवार

टोकं लावली. क्रिंपिंग पकड पेढीवरून उसनी आणली. क्रम भिंतीवर पेन्सिलीने लिहिला : पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. निळ्याची जोडी हिरव्याच्या पोटात का घालतात, हे विचारायचं नाही. टेलिफोनच्या जमान्यापासून मधल्या दोन तारा टेलिफोनच्या होत्या, त्यांना सांभाळत सांभाळत बाकीच्या बाजूला बसल्या.

आठ तारा सरळ करायला नखं लागतात, माझी नाहीत. बायकोने केल्या. एका ओळीत धरून समान कापायच्या, मग कनेक्टरमध्ये सारायच्या, समोरून आठही तांबडी टोकं दिसली पाहिजेत, आणि मग पकड. दोन कनेक्टर वाया गेले. तिसरा बसला. माडीवर लिंकचा हिरवा दिवा लागला तेव्हा लेकीने टाळ्या वाजवल्या, मला उगीच भरून आलं.

वेग : ९४. सोप्यात जेवढा तेवढाच माडीवर.

४ मे, रविवार

आनंद अर्धवट होता. फोटोंची ६० जीबीची थप्पी सोप्यातल्या लॅपटॉपवरून माडीवर टाकायला घेतली तर सेकंदाला ११ एमबी. दीड तास. बोर्डाचं कार्ड गिगाबिटचं, राउटरचा पोर्ट गिगाबिटचा, मग सेकंदाला शंभर एमबीच्या पुढे जायला हवं.

लिंक पाहिली : १०० मेगाबिट (आठ मेगाबिटांचा एक एमबी). इथे जरा थांबून विचार केला आणि फायदा झाला. शंभरच्या लिंकला आठपैकी चारच तारा लागतात, १, २, ३ आणि ६ नंबरच्या, म्हणजे केशरी आणि हिरवी जोडी. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. एखादी निळी किंवा तपकिरी तार तुटकी असेल तर दोन्ही टोकं आपापसात गपचूप ठरवतात, 'चल, शंभरवर भागवू.' तक्रार कुणीच करत नाही. नेट शंभरचं, लिंक शंभरची, मोजणारा खूश. अशी किती घरं असतील जिथे वर्षानुवर्षं एक तार मोकळी लोंबतेय आणि कुणाला पत्ता नाही.

भिंग घेऊन कनेक्टरची टोकं पाहिली. सोप्याकडच्या कनेक्टरमध्ये आठव्या नंबरची तपकिरी तार बाकीच्यांपेक्षा दीड मिलिमीटर मागे राहिली होती. पितळी दात तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. कापला, नवा लावला. लिंक १०००. तीच थप्पी दहा मिनिटांच्या आत वर गेली.

नेटचा वेग मात्र तेव्हाही ९४ आणि आत्ताही ९४. गिगाबिटचा हट्ट नेटसाठी नव्हताच.

११ मे, रविवार

आज प्रकल्पाला खरा दणका. 'चोवीस तास चालू' हे मी इतक्या सहज लिहून गेलो होतो. बायकोने विचारलं, "किती वीज खातो हा?" उत्तर नव्हतं. मोजायचं यंत्र घरात नाही, पण मीटर आहे. आमच्या मीटरवर छापलंय की एका युनिटला तांबडा दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. मग घरातलं सगळं बंद करायचं, फक्त माडीवरचा कॉम्प्युटर चालू ठेवायचा आणि दहा मिनिटं लुकलुक मोजायची.

फ्रिज बंद, पंखे बंद, मे महिन्यातली दुपार. आई उंबऱ्यात बसून पदराने वारा घेतेय आणि माझ्याकडे बघतेय. लेक घड्याळ लावून, मी बोटं मोडत. १९४ झाल्या. म्हणजे ३६० वॉटच्या वर. शक्यच नाही, प्रोसेसरच ६५ वॉटचा. मग जिन्याखालून गुणगुण ऐकू आली. इन्व्हर्टर बॅटरी भरत होता.

तोही बंद करून परत दहा मिनिटं. आई आता बोलायचीही थांबली होती. ३४. हिशेब : ३४ भागिले ३२००, गुणिले ६, म्हणजे ६४ वॉट. नुसता बसून. महिन्याचे ४६ युनिट. आमचं बिल कूलर नसताना दीडशे युनिटच्या आसपास येतं. म्हणजे फोटो सांभाळायला घरातला तिसरा हिस्सा वीज, आणि वर त्याची उष्णता पत्र्याखालच्या माडीत.

'जुनं ते वाचवलं म्हणजे पर्यावरण वाचलं' असं मी चारचौघांत बोलत असतो. दिवसातून तासभर चालवायचा असेल तर ते खरं आहे. चोवीस तास चालवायचा असेल तर हा म्हातारा महागात पडतो. हे मला पहिल्या दिवशी कळायला हवं होतं. हिशेबनीस आहे मी.

१८ मे, रविवार

वळवाचा पाऊस, वारं, लाइट चार वेळा गेली. दर वेळी इन्व्हर्टर जागा होईपर्यंतच्या क्षणात फायबरचा डबा बंद होऊन परत चालू, आणि मग नेट यायला दोन-तीन मिनिटं. डब्याला लागतात १२ व्होल्ट. तेवढाच देणारा हातात मावणारा डीसी यूपीएस मिळतो, तो लावला. आता लाइट गेल्याचं नेटला कळतही नाही. या सगळ्या उद्योगात पैशाच्या मानाने सर्वात जास्त सुख देणारी वस्तू कुठली विचाराल तर हीच.

२५ मे, रविवार

खणात एक राउटर पडून होता, मागच्या नेटवाल्याच्या वेळचा, स्वतः घेतलेला. यूएसबी पोर्ट आहे, आत १२८ एमबी रॅम. त्यावर ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं खुलं सॉफ्टवेअर चढवलं. याचा जन्म मजेशीर आहे : लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी-५४जी या राउटरमध्ये लिनक्स वापरलेलं निघालं, परवान्याप्रमाणे कंपनीला कोड खुला करावा लागला, आणि २००४ मध्ये त्यावरून लोकांनी स्वतःची प्रणाली उभी केली. नावात अजून तो राउटर आहे.

एसएसडी कॉम्प्युटरमधून काढून यूएसबीच्या डबीत घातला आणि राउटरला लावला. सेकंदाला १८ एमबी मिळतात, यूएसबी जुनं आणि राउटरचा जीव लहान म्हणून. फोटो बघायला, व्हिडिओ चालवायला भरपूर. मीटरपाशी परत दहा मिनिटं (या वेळी आई देवळात गेल्यावर) : ४ लुकलुक. साडेसात वॉट. महिन्याला साडेपाच युनिटही नाहीत.

बाहेरून, पेढीवरून, हे फोटो उघडता येतील का पाहिलं. नाही. नेटवाल्याने दिलेला पत्ता १००.७२ ने सुरू होतो. १००.६४ ते १००.१२७ हे पत्ते कंपन्यांच्या आतल्या वापराचे. अख्ख्या वाड्याला एकच घर नंबर असल्यासारखं : आतून पत्र जातं, पण बाहेरून आलेलं कुणाच्या खोलीत टाकायचं ते पोस्टमनला कळत नाही. सोडून दिलं. घरातले फोटो घरात बघू.

आता प्रश्न असा की माडीवरचा कॉम्प्युटर डिस्कशिवाय रिकामा बसलाय.

१ जून, रविवार

काका आले. कुणाकडचं तरी बारसं आहे आणि त्यांना जुनं एक कार्ड हवंय, मोराच्या किनारीचं. "तुझ्याकडे डिस्क आहे ना?"

डिस्क लॅपटॉपला जोडली. पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरच्या शेकडो फाइली, मराठी, कानडी, तेलुगू, लग्नं, मुंजी, वास्तुशांती. लिबरऑफिस या मोफत संचातला ड्रॉ २०१५ पासून पेजमेकरच्या फाइली उघडतो. उघडली. मोर आला, मांडणी थोडी सरकलेली, पण मजकुराच्या जागी टोप्या घातलेली रोमन अक्षरं, दोन टिंबं, चलनाच्या खुणा.

कारण माहीत असलं तरी समोर बघून वाईट वाटतं. त्या काळात श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा प्रत्येक संचाने इंग्रजी अक्षरांच्या खणांत आपापल्या सोयीने मराठीचे तुकडे बसवले होते. देवनागरी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून होती, पण पेजमेकरला युनिकोड कधी आलंच नाही, मग दुकानांनी तरी काय करायचं. डिस्कमधून काकांचे फाँट काढून लॅपटॉपवर टाकले आणि मजकूर उमटला. दिसायला. कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की परत टोप्या.

नेटवर मिळणारा एक कन्व्हर्टर लावून पाहिला. त्याला दोन ठिकाणी कसरत करावी लागते. 'निमंत्रण' मधली पहिली वेलांटी जुन्या फाँटमध्ये न च्या आधी टाइप होते, जशी दिसते तशी. युनिकोडमध्ये न च्या नंतर. 'सर्व' चा रफार तिथे व च्या नंतर, इथे आधी. या उड्या त्याने बऱ्याचशा नीट मारल्या. घसरला तो मराठीच्या खास जागी. कार्डात होतं 'सग्यासोयऱ्यांसह', बाहेर आलं 'सग्यासोयर्यांसह'. आडवा अर्धा र त्याला ठाऊकच नाही, उचलला आणि डोक्यावर ठेवला. शाळेतलं आठवलं : आचार्यांना दक्षिणा, आचाऱ्यांना मजुरी. काकांनी चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, "काय बे हे. असलं छापलं असतं तर लोकांनी पैसे दिले नसते."

आणि मुळात काकांना युनिकोडचा कीबोर्ड येत नाही. त्यांची बोटं रेमिंग्टनची, टाइपरायटरवर बसलेली. चाळीस वर्षांची बोटं बदलायची की कॉम्प्युटर तसाच ठेवायचा?

८ जून, रविवार

वर्तमानपत्र सोडलं, ८० जीबीची डिस्क माडीवरच्या कॉम्प्युटरात परत घातली. एक्सपी चालू झालं. लॉक जागेवर, लॉकच्या पाठीला काकांच्या लेझर प्रिंटरची जाड वायर. लॉक मधून प्रिंटरला वाट देतं. डिस्कची आधी पूर्ण नक्कल काढून ठेवली, कारण डिस्कही सोळा वर्षांची आहे आणि तिचा आवाज मला आवडला नाही.

एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला. असलं यंत्र नेटला जोडणं म्हणजे दार उघडं टाकून गावाला जाणं. त्यामुळे माडीवरची ती वायर, जिच्यासाठी मी माती खाल्ली आणि बायकोने नखं झिजवली, ती काढली. वायफायचा डोंगलही काढला. कार्डं पीडीएफ करून पेनड्राइव्हवर खाली येतील.

वायर आईच्या खोलीच्या वरूनच जात होती. तिथेच कापली, खाली सोडली, नवा कनेक्टर लावला (आठही तारा भिंगाने पाहून) आणि टीव्हीला जोडली. टीव्हीचा पोर्ट शंभरचाच निघाला, हरकत नाही. संध्याकाळी आईची मालिका लागली. पाऊण तासात एकदाही गोल फिरलं नाही. आईने विचारलं, "आज लवकर संपली का रे?"

वर काका. मोराचं कार्ड उघडून नाव, तारीख, पत्ता बदलत बसलेले. पंखा जोरात, कीबोर्ड खडखडा वाजतोय, स्पेसबारवर दोनदा मारावं लागतं म्हणून कुरकुर. सव्वा तास चालला, म्हणजे माझ्या हिशेबाने ०.०८ युनिट. पुढच्या रविवारी दुसरं काम आहे म्हणाले.

माडीच्या बाजूचा वायरचा तुकडा आणि भिंतीतलं भोक राहिलंय. पुट्टी आणायची. कीबोर्ड अण्णांकडे दाखवायचा, तोच, नवा नको म्हणतात.